चित्र कधी हलावे, कधी थांबावे : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात मी असे लिहिले होते की ॲनिमेशनपट पाहताना गोष्टीइतकेच लक्ष हालचालीकडे द्यावे, कारण तेथे वाऱ्यावर उडणारी केसांची बटसुद्धा कोणीतरी ठरवल्याशिवाय उडत नाही. त्यावर अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली. काही कौतुकाची, काही कान उपटणारी. त्यांतील सहा प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. मी या व्यवसायातला नाही, केवळ चाहता आहे; तेव्हा मते माझी आणि ती चुकली तर दोषही माझाच.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. सात वर्षांच्या नातवाबरोबर ‘फ्लो’ हा चित्रपट पाहिला. त्यात एकही शब्द नाही. माणसे कोठे गेली, पूर कशामुळे आला, हे नातू विचारत राहिला आणि मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. मात्र २०१९च्या महापुरात पाणी चढताना जनावरे कशी वागतात ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे आणि चित्रपटातले प्राणी अगदी तसेच वागतात. न सांगणे हा या चित्रपटाचा दोष मानावा का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कृष्णेचे पाणी दारात आलेले आपण पाहिले आहे, त्यामुळे या चित्रपटाची पारख करण्याचा आपला अधिकार माझ्यापेक्षा मोठा आहे. आपल्या पत्रातले शेवटून दुसरे वाक्य हेच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे मला वाटते. लाटव्हियाचे तरुण दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस यांनी २०२४मध्ये आणलेल्या या चित्रपटात एक मांजर, एक कुत्रा, एक लेमूर, एक लांब पायांचा सेक्रेटरी पक्षी आणि कॅपिबारा नावाचा, घुशीला डुकराचे अंग लाभावे तसा दिसणारा दक्षिण अमेरिकेतला प्राणी एका शिडाच्या होडीत एकत्र येतात. यांपैकी कोणीही बोलत नाही, कोणी विनोद करत नाही आणि कोणी गाणेही म्हणत नाही. ही मंडळी सुकाणू धरतात तेवढीच काय ती सूट दिग्दर्शकाने घेतली आहे. पूर का आला हे मांजराला ठाऊक नाही, म्हणून ते आपल्यालाही कळत नाही. पाणी किती चढले आहे हे मात्र मांजराला जितके कळते तितके आपल्याला नेमके कळत राहते. कॅमेरा मांजराच्या उंचीवरून, बराच काळ न तुटता त्याच्यामागे फिरतो, त्यामुळे पुराच्या लोंढ्याआधी धावत सुटलेल्या प्राण्यांचे पाय आपल्या डोक्यावरून जातात की काय, असे वाटते.

आवाजांचीही एक गंमत सांगण्यासारखी आहे. चित्रपटातील आवाज खऱ्या प्राण्यांचे आहेत, परंतु कॅपिबाराचा खरा आवाज त्या सुस्त, भल्या जिवाला अगदीच न शोभणारा आणि किरटा निघाल्यामुळे त्याच्यासाठी उंटाच्या पिल्लाचा आवाज वापरण्यात आला. हे सारे ब्लेंडर या कोणालाही विनामूल्य मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर झाले आणि मार्च २०२५मध्ये या चित्रपटाने लाटव्हियाला पहिले ऑस्कर मिळवून दिले.

तरीही मी त्याला निर्दोष म्हणणार नाही. प्राण्यांची कातडी आणि केस कुंचल्याच्या ढोबळ फटकाऱ्यांसारखे आहेत. दुरून ते देखणे दिसतात, परंतु अगदी जवळून पाहताना काम अर्धवट सोडल्यासारखे वाटते. शिखरावर पक्ष्याचे जे होते, तो प्रसंगही इतक्या जमिनीवरच्या चित्रपटात मला उपरा वाटला. पुन्हा पाहाल तेव्हा नातवाला केवळ मांजराच्या कानांकडे पाहायला सांगावे. कान केव्हा मागे चिकटतात आणि केव्हा सैल होतात, एवढ्यावर त्याला पूर्ण गोष्ट सांगता येईल. आणि श्रेयनामावली संपेपर्यंत उठू नये.

प्रश्न : स्पायडरमॅनवरच्या ‘स्पायडर-व्हर्स’ या ॲनिमेशन मालिकेतल्या दोन्ही चित्रपटांत हालचाल मध्येच अडखळल्यासारखी का दिसते? माझा मित्र म्हणतो की चित्रपटगृहाचा प्रोजेक्टर खराब होता. (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : प्रोजेक्टरला दोष देऊ नये. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. प्रत्येक चौकटीला नवे चित्र असेल तर त्या पद्धतीला या व्यवसायात ‘वन्स’ म्हणतात आणि एकच चित्र दोन चौकटी टिकवले तर ‘टूज’. संगणकावरचे ॲनिमेशन बहुधा वन्सवर, म्हणजे लोण्यासारखे सरकते. २०१८च्या पहिल्या चित्रपटात नवखा स्पायडरमॅन माइल्स याला टूजवर आणि मुरलेला स्पायडरमॅन पीटर याला वन्सवर ठेवले आहे. जंगलात दोघे एकत्र झोके घेतात तेथे हा फरक शेजारीशेजारी दिसतो. माइल्सला कसब साधत जाते तसतशी त्याची हालचालही सफाईदार होत जाते. म्हणजे आपल्याला जे अडखळणे वाटले ते त्या मुलाचे शिकणे होते.

२०२३च्या दुसऱ्या चित्रपटात हा खेळ अधिक पुढे गेला. माइल्सची मैत्रीण ग्वेन हिच्या जगातले जलरंग तिच्या मनःस्थितीप्रमाणे ओघळतात आणि पंक स्पायडर तर कात्रणे चिकटवून केल्यासारखा, ज्याचा एक भाग दुसऱ्याच्या वेगाने चालत नाही असा आहे. मुंबई आणि मॅनहॅटन यांची मोट बांधून केलेल्या ‘मुंबॅटन’साठी चित्रकारांनी जुन्या इंद्रजाल कॉमिक्सचा आधार घेतला होता. ज्या मराठी घरांत त्यातल्या वेताळाचे, म्हणजे फँटमचे, अंक जपून ठेवलेले होते, त्यांना तो कागद आणि ती किंचित सरकलेली छपाई ओळखू येईल. हा चित्रपट आपल्याकडे मराठीसह दहा भाषांत प्रदर्शित झाला होता. माझी तक्रार एकच आहे : दोन तास वीस मिनिटे बसवून ठेवून ऐन रंगात ‘पुढे चालू’ची पाटी लावणे हा प्रेक्षकांचा विश्वासघात आहे, मग चित्रे कितीही सुंदर असोत.

प्रश्न : माझी दहावीतली मुलगी ‘फ्रीरेन’ नावाची जपानी मालिका पाहते. मी दोन भाग सोबत बसून पाहिले. खलनायक गोष्ट सुरू होण्याआधीच मेलेला, नायक पहिल्याच भागात म्हातारा होऊन वारतो आणि त्यानंतर कोणी फुले शोधते तर कोणी पुतळा घासते. यात पाहण्यासारखे काय आहे? शिवाय आमच्या लहानपणी ही जपानी कार्टून नव्हती, आता मुलांना त्यांचे वेडच लागले आहे. (एक वडील, कोल्हापूर)

उत्तर : आधी आपल्या शेवटच्या वाक्याविषयी. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली आणि शेरखान पाहायला आपण बसला असाल, तर ती मालिकाही जपानीच होती. शीर्षकगीत हिंदीत असल्यामुळे आपल्यापैकी अनेकांना ते कळलेच नाही.

आता फ्रीरेन. जपानी दूरचित्रवाणीवरच्या ॲनिमेशनची जडणघडण टंचाईत झाली. १९६३मध्ये ओसामू तेझुका यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ ही मालिका दर आठवड्याला येऊ लागली, तेव्हा पैसा, माणसे आणि वेळ या तिन्हींची ओढाताण असल्यामुळे एकच चित्र शक्य तितका वेळ धरून ठेवणे, केवळ ओठ हलवणे, जुनी चित्रे पुन्हा वापरणे अशा युक्त्या कराव्या लागल्या. पुढच्या पिढ्यांनी या कंजुषीतूनच थांबण्याची एक शैली घडवली आणि २०२३च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेली ही मालिका मला त्या शैलीचे अलीकडचे सर्वांत परिपक्व रूप वाटते.

फ्रीरेन ही हजारांहून अधिक वर्षे जगणारी जादूगार आहे. दैत्यराजाला मारण्यासाठी साथीदारांबरोबर केलेला दहा वर्षांचा प्रवास तिच्या लेखी एखाद्या सुटीएवढा असतो. ‘पन्नास वर्षांनी पुन्हा उल्कावर्षाव पाहू’ असे ती सहज सांगून जाते, परत येते तेव्हा हिमेल हा तरुण नायक वाकलेला म्हातारा झालेला असतो, आणि त्याच्या अंत्यविधीच्या वेळी तिला रडू कोसळते. आपण या माणसाला जाणून घेण्याचा कधी प्रयत्नच केला नाही, एवढेच तिला कळलेले असते. पुढचे सगळे भाग ही त्या उशिरा झालेल्या जाणिवेची फेड आहे. ती फूल शोधते कारण ते हिमेलच्या गावचे आहे. नव्या वर्षाचा सूर्योदय पाहायला ती पहाटे उठते, तेव्हा तिला स्वतःला त्यात विशेष काही वाटत नाही; शेजारी उभ्या असलेल्या शिष्येचा उजळलेला चेहरा पाहून मात्र तिच्या ओठांवर हसू येते. लढाया येतात तेव्हा चित्रकार हात सैल सोडतात आणि त्या चकित करणाऱ्या आहेत, परंतु माझ्या लक्षात राहिला तो हा चेहरा, ज्यात जवळजवळ काहीच हलत नाही.

उत्तरार्धातले जादूगारांच्या परीक्षेचे प्रकरण मात्र ताणलेले आहे. तेथे एकदम इतकी नवी पात्रे येतात की मला कागदावर नावे लिहून ठेवावी लागली. पहिल्या पर्वाचे अठ्ठावीस भाग म्हणजे सुमारे अकरा तास होतात. काही ठिकाणी रक्तपात असला तरी दहावीच्या मुलीने पाहण्यात मला गैर दिसत नाही. परीक्षा होईपर्यंत थांबायला सांगण्याचा आपला अधिकार मी नाकारत नाही.

प्रश्न : ‘महावतार नरसिंह’ देशभर गाजला, त्याविषयी आपण चकार शब्द काढला नाही. विदेशी तेवढे चांगले, असे आपले मत आहे काय? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : टोला योग्य ठिकाणी बसला आहे. अश्विन कुमार यांचा २०२५चा हा चित्रपट भारतीय ॲनिमेशनपटांत सर्वाधिक कमाई करणारा ठरला आणि मोठी माणसे मुलांना निमित्त न करता स्वतःसाठी ॲनिमेशन पाहायला गेली, ही मला त्याची खरी कामगिरी वाटते. खांब दुभंगल्यानंतरचा भाग थरारक आहे. त्या नरसिंहाची भीती वाटते, आणि ती वाटायलाच हवी. त्याआधीचा चित्रपट मात्र मला जड गेला. पात्रे चालतात तेव्हा त्यांच्या पावलांचा भार जमिनीवर पडत नाही, चेहरे संवादांच्या मागे राहतात आणि डोळ्यांना जे दिसतेच आहे ते शब्दांनी पुन्हा सांगितले जाते. शेवटच्या अर्ध्या तासासाठी मी तो पुन्हा पाहीन, सुरुवातीसाठी नाही.

परका तेवढा चांगला, असे मी मानत नाही, याचे दोन दाखले देतो. जपानचे युगो साको आणि मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये घडलेले आपले राम मोहन यांनी मिळून केलेला १९९३चा ‘रामायण’ जानेवारी २०२५मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला होता. हाताने काढलेल्या त्या चित्रांत धनुष्य ओढताना खांद्यावर येणारा ताण दिसतो. दुसरा दाखला मुंबईच्या जे. जे. कला संस्थेत शिकलेल्या गीतांजली राव यांच्या २०१९च्या ‘बॉम्बे रोज’चा. त्यातली फूलविक्रेती, तिचा काश्मिरी प्रियकर आणि मुंबईची गर्दी ही चौकट-चौकट रंगवलेली आहे. कथेचे धागे सैल आहेत, हे मान्य. पण एका वृद्ध बाईंबरोबर चालता चालता रस्ताच जुन्या कृष्णधवल मुंबईत शिरतो, तो प्रसंग मी विसरलेलो नाही.

प्रश्न : ‘इनसाइड आउट २’ने दीड अब्ज डॉलरहून अधिक कमाई केली आणि चीनच्या ‘नेझा २’ने दोन अब्जांहून अधिक. मग हेच सर्वोत्तम मानायचे का? आणि असे चित्रपट डबिंगमध्ये पाहावेत की सबटायटलसह? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : कमाईवरून एवढेच कळते की तिकिटे पुष्कळ खपली. ‘इनसाइड आउट २’मध्ये एका मुलीच्या मनातल्या भावना हीच पात्रे आहेत; त्यांतले चिंता हे पात्र मनाच्या नियंत्रण-फलकाभोवती इतके वेगाने फिरू लागते की त्याचे वादळ होते आणि त्याच वादळाच्या मध्यभागी ते स्वतः गोठून उभे राहते, घाबरगुंडी उडणे म्हणजे काय, हे मुलांना याहून स्पष्ट कोणी दाखवले असेल असे वाटत नाही. बाकीचा प्रवास २०१५च्या पहिल्या चित्रपटाचीच वाट पुन्हा तुडवतो. भाषेविषयी : मूल सरसर वाचू लागेपर्यंत डबिंग, त्यानंतर मूळ आवाज.

प्रश्न : ‘आर्केन’ या ॲनिमेशन मालिकेचे पहिले पर्व अतिशय आवडले, दुसरे अर्ध्यावर सोडले. पूर्ण करावे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : सोडावेसे का वाटले, ते मी समजू शकतो. पॅरिसच्या फॉर्टिश स्टुडिओने २०२१च्या पहिल्या पर्वात दोन बहिणींच्या ताटातुटीला नऊ भागांची ऐसपैस जागा दिली होती. २०२४च्या दुसऱ्या पर्वातही भाग नऊच आहेत, पण युद्ध, राजकारण, जादू आणि प्रेम असे दुप्पट सामान त्यांत कोंबले आहे, आणि मने बदलण्याचे प्रसंग गाण्यांच्या तुकड्यांत उरकले आहेत. चित्रे आधीपेक्षाही सरस असूनही पात्रांना श्वास घ्यायला सवड मिळत नाही.

तरीही किमान सातव्या भागापर्यंत यावे. तेथे एको हा तरुण अशा जगात जाऊन पडतो जिथे दोन बहिणींतल्या धाकट्या पावडरला ‘जिंक्स’ बनवणारी दुर्घटना घडलीच नव्हती आणि त्याची ही लहानपणची मैत्रीण अजून पावडरच आहे. दोघे नाचतात. एवढ्या श्रीमंत मालिकेने त्या नाचासाठी चौकटी मुद्दाम इतक्या कमी ठेवल्या आहेत की हालचाल तुटक होते आणि प्रत्येक पवित्रा क्षणभर हवेत तसाच राहतो. एकोजवळच्या यंत्राला काळ फार तर चार सेकंद मागे नेता येतो, आणि या जगात त्याला कायमचे राहता येणार नाही, हे आपल्याला ठाऊक असते. पुढचे चित्र यायला जो उशीर लागतो, तेवढा वेळ ती मुलगी त्याच्यासमोर हसत उभी असते.