घरांच्या संस्थेत फायनान्सचं काम: सीए करून यावं का?

तुम्ही विचारलंय, की सीए होऊन सात वर्षं कंपनीत काढल्यावर गरिबांच्या घरांसाठी झटणाऱ्या संस्थेत यावं का, की तिथे नुसती खतावणीच करायची असते. मी पुण्यात २००९ पासून हेच काम करते. माझं मत विचाराल तर जरूर या.

येरवड्यात बीएसयूपी या शहरी गरिबांसाठीच्या केंद्राच्या योजनेत वस्ती न हलवता, झोपडीच्या जागीच पक्की घरं झाली. घराला साधारण ३ लाख खर्च. त्यात केंद्राचे ५० टक्के, राज्याचे ३०, महापालिकेचे १० आणि कुटुंबाचे १०. कागदावर पैसे पुरेपूर. पण झोपडी पाडली त्या दिवसापासून कुटुंबाला भाडं सुरू होतं, आणि सरकारी बिल निघतं काम होऊन मोजमाप झाल्यावर. आपलं खरं काम या मधल्या काळात आहे.

आमच्या एका कामात मोजमापाच्या नोंदीवर एक सही राहिली आणि बिल चार महिने अडकलं. अकरा घरं जोत्यावर थांबली, गवंडी दुसऱ्या साइटवर गेले. एक मावशी बचतगटाचं पासबुक आणि भाड्याच्या पावत्या पिशवीत घालून ऑफिसात आल्या. "माझे ३०,००० मी भरले ना? मग पावसाआधी स्लॅब का नाही?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी फिरता निधी उभा करायच्या मागे लागले, म्हणजे बिल निघेपर्यंत वापरायचा आणि बिल आलं की पुढच्या घराला फिरवायचा पैसा. सोपं नाही ते. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी दिलेला पैसा मुदतीत खर्ची पडावा लागतो, तो फिरवत ठेवता येत नाही. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाला २०२० पासून २० टक्क्यांचीच मर्यादा आहे, पूर्वी ५० होती. शिवाय ती देणगी वस्तीतल्या छोट्या संस्थेला वर्गही करता येत नाही.

शहरी पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला आपल्याकडे अडीच लाख मिळतात, तेही टप्प्याटप्प्याने, बांधकामाचे फोटो चढवल्यावर. म्हणजे जोत्यापुरती उसनवारी आलीच. एकट्या बाईला ती कोण देणार? म्हणून लाभार्थ्यांची यादी हातात आली की मी आधी गळालेली नावं बघते. भाडेकरू, विधवा, जागेचा कागद नसलेले, हेच त्यात असतात.

पगार निम्म्यावर येईल, घरी बोलून घ्या. १२ए, ८०जी या करसवलतीच्या नोंदण्या आणि एफसीआरए हा परदेशी देणग्यांचा कायदा, यांचं काम दोन महिन्यांत शिकाल. मुलाखतीत मात्र त्यांना एवढं विचारा, की सरकारी हप्ता सहा महिने आला नाही तर गवंड्याची मजुरी कुठून देता? आणि रुजू होण्याआधी एक दिवस त्यांच्या वस्तीत काढा.