तिसरीतल्या मुलांना सारखं गटात बसवून शिकवतात. हुशार मुलांचं त्यात नुकसान होत नाही का?

मुंबईतल्या एका मराठी शाळेत मी तिसरी-चौथीला शिकवते. तुमची शंका रास्त आहे. नुकसान होऊ शकतं आणि माझ्याच वर्गात ते झालेलं आहे. सुरुवातीला मी गटाला कार्डशीट देऊन ‘पाण्याचे उपयोग’ लिहायला सांगायचे. एक मुलगी सगळं लिहायची, एक फेविकॉल धरून बसायचा, बाकीचे दोघे खोडरबरासाठी भांडायचे. जे एकटीला जमतं ते चौघांना दिलं, मग दुसरं काय होणार!

नंतर पद्धत बदलली. मुंबईला पाणी देणारे तलाव सात, म्हणून एकेका तलावाची माहिती लिहून सात चिठ्ठ्या केल्या. चौघांच्या गटात तिघांना दोन-दोन, एकाला एक. प्रश्न दोनच: सगळ्यात मोठा साठा कोणाचा आणि मुंबईच्या हद्दीतले तलाव कोणते? नियम असा की चिठ्ठी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, वाचून सांगायची.

एका गटात घरी भोजपुरी बोलणारा, अडखळत वाचणारा मुलगा होता. भातसाची चिठ्ठी मी मुद्दाम त्यालाच दिली. शेजारच्या हुशार मुलीने लगेच हात पुढे केला. त्याने चिठ्ठी पाठीमागे लपवली, “बाईंनी सांगितलंय, द्यायची नाही!” मग अक्षराखाली बोट धरून वाचू लागला. ‘शहापूर’ला अडला, तेव्हा तिने वाकून ‘शहा… पूर’ असं फोडून सांगितलं. विहार आणि तुळशी मुंबईतलेच, अप्पर वैतरणा थेट नाशिक जिल्ह्यात, असं एकेक जुळत गेलं. सगळे आकडे मांडून झाल्यावर तो ओरडला, “सगळ्यात जास्त पाणी माझं!” (शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, तो भाग वेगळा.)

ही युक्ती माझी नाही. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने 1971 मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांमध्ये ती वापरली. गोरी आणि काळी मुलं तिथे नुकतीच एका वर्गात आली होती, एकमेकांशी धड बोलत नव्हती.

पाढे आणि शुद्धलेखन मात्र मी ज्याचं त्यालाच करायला लावते. आठवड्याला दोन-तीन तासांपेक्षा जास्त गटकाम मला झेपतही नाही, बाकं सरकवून सतरंजी घालेपर्यंतच दहा मिनिटं जातात.

तुमच्या मुलीला ‘आज गटात काय केलं’ असं विचारू नका, ‘मजा केली’ एवढंच उत्तर मिळेल. ‘तुझ्या वाट्याला कोणतं काम होतं आणि बाकीच्यांच्या?’ असं विचारा. चार दिवस ‘मीच सगळं केलं’ किंवा ‘मी काहीच नाही’ ऐकू आलं, तर बाईंना जरूर भेटा.