वाचकांचे प्रश्न: कुळागरातला आखूड पंखांचा भुंगेरा

प्रश्न: आमच्या कुळागरात पोफळींखालच्या कुजक्या पाल्यात पाच-सहा मिलिमीटरचा काळा भुंगेरा मिळाला. पंखांवरची झाकणं आखूड, शेपूट वर उचलून पळतो. रोव्ह बीटल आहे एवढं कळलं, पण कुठल्याच चित्राशी जुळत नाही. नवी प्रजाती म्हणून नोंदवायची तर काय करावं? – एक वाचक, वाळपई

उत्तर: चित्राशी जुळत नाही, एवढ्यावर नवेपण ठरत नाही. रोव्ह बीटलच्या स्टॅफिलिनिडी या कुळात ६०,००० हून अधिक प्रजातींची नोंद आहे. आपल्याकडच्या प्रजातींसाठी कीटकशास्त्रज्ञ माल्कम कॅमेरॉन यांचे १९३० ते १९३९ मधले खंड अजूनही उघडावे लागतात. त्यांतली वर्णनं मुख्यतः बाह्य रूपावर बेतलेली आहेत. म्हणून शंका आली की मूळ नमुनाच पाहावा लागतो, आणि कॅमेरॉन यांचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

आधी आणखी नमुने मिळवा. पाला चाळून जाळीच्या नरसाळ्यात ठेवा, वर ४० वॅटचा दिवा, खाली अल्कोहोलची बाटली. दोन-तीन दिवस लागू द्या. दिवा फार जवळ आणला तर पाला झटकन वाळतो आणि भुंगेरे खाली उतरण्याआधीच मरतात. काही नमुने डीएनएसाठी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, बाकीचे ७० टक्क्यांत; तीव्र अल्कोहोलमध्ये सांधे ताठरतात. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहा, बॉलपेनची शाई विरघळते. जागा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख आणि कशात मिळाला, हे सगळं तिच्यावर हवं.

खरा निकाल बहुतेक वेळा नराच्या जननेंद्रियावर, म्हणजे एडिॲगसवर लागतो. बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन प्रजाती तिथे स्पष्ट वेगळ्या निघतात. सुका नमुना कोमट पाण्यात मऊ करून उदराची शेवटची वलयं अलगद सोडवा, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये काही तास ठेवा, मधून मधून पाहत राहा. रात्रभर विसरलात तर आतली नाजूक पिशवी पारदर्शक होऊन काहीच दिसत नाही. मग पाण्याने धुऊन ग्लिसरीनमध्ये घ्या आणि बाजूने व खालून अशी दोन्ही चित्रं काढा.

मापांत एक चूक हमखास होते: एकूण लांबीवर भरवसा ठेवणं. उदराची वलयं दुर्बिणीसारखी आत-बाहेर सरकतात, अल्कोहोलमध्ये तर ताणलीच जातात. त्यामुळे डोक्याच्या पुढच्या कडेपासून पंखझाकणांच्या टोकापर्यंतची लांबी, डोक्याची रुंदी आणि छातीच्या ढालीची लांबी-रुंदी द्या. रंगाचंही तसंच. नुकताच कोषातून निघालेला भुंगेरा फिकट असतो, त्याला वेगळी प्रजाती समजू नका.

वर्णनात जवळच्या प्रजातींपासून नेमका फरक सांगावा लागतो. एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा आधार-नमुना, म्हणून ठरवायचा (शक्यतो नर), तो कुठल्या संग्रहात राहील ते लिहायचं, बाकीचे पॅराटाइप. लेख फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात छापला जाणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत नोंदवहीतली नोंद अनिवार्य आहे. ती राहिली तर नावच ग्राह्य धरलं जात नाही. जैवविविधता कायदा, २००२ नुसार नव्या प्रजातीची माहिती आणि नमुना नेमलेल्या भांडारात द्यावा लागतो. कुळागर तुमचं आहे म्हणून ठीक, पण म्हादई किंवा नेत्रावळी अभयारण्यात पाला उचलण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी घ्या.

प्रश्न: असा भुंगेरा अंगावर बसला की फोड येतात, ते खरं का? – एक वाचक, फोंडा

उत्तर: सगळ्यांमुळे नाही. पेडेरस हा रोव्ह बीटलचा एक गट आणि त्याच्या जवळचे काही प्रकार यांच्या शरीरात पेडेरिन नावाचं द्रव्य असतं. बरेचसे पेडेरस नारिंगी-काळे असतात. ते चावून फोड आणत नाहीत, चिरडले की आग होते. अंगावर बसला तर फुंकर मारा, हात मारू नका. चिरडलाच तर जागा लगेच साबणाने धुवा आणि तोच हात डोळ्याला लावू नका.