काळी मुसळी, पण फूल पिवळं कसं?

प्रश्न : पहिल्या पावसानंतर गोव्यातल्या मोलेच्या रानात वाटेकडेला अगदी जमिनीला टेकलेलं सहा पाकळ्यांचं पिवळं फूल दिसलं, चांदणीसारखं, पानं माडाच्या कोवळ्या रोपासारखी, आजी म्हणाली काळी मुसळी, पण काळं तर काहीच नाही ना? (एक वाचक, सांगे)

उत्तर : अहो, आजी बरोबर आहेत, काळेपणा वर नाही, खाली आहे! हिचा कंद बाहेरून काळपट आणि सरळसोट, छोट्या मुसळासारखा, म्हणून ते नाव. गंमत म्हणजे फूल वर दिसतं पण बीजकोश पानांच्या बुडाशी मातीतच लपलेला असतो. पांढरी मुसळी वेगळी हं, तिची फुलं पांढरी. आणि प्लीज, कंद बघायचा म्हणून उपटू नका, औषधासाठी ओरबाडून बऱ्याच ठिकाणी ती कमी झालीय, मोबाईलवर फोटो काढा की.