‘आई आलं’ कुठून आलं?

पत्र: मॅडम, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. घरी तेलुगू बोलतो, शाळा मराठी माध्यमाची झाली, आता बी.ए. इंग्रजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर आहेत. संध्याकाळी गल्लीतल्या पाचवी ते सातवीच्या अकरा मुलांचा इंग्रजीचा क्लास घेते. यंदा आम्हाला दुसरी भाषा माणूस कशी शिकतो याचे सिद्धांत आहेत. क्रॅशन एक सांगतात, स्वेन वेगळंच. वाचायला आवडतं, पण क्लासमध्ये त्याचं करायचं काय? मला इंग्रजी समजतं, पण बोलताना अडखळते. लहानपणी मी मराठीत ‘आई आलं’ म्हणायचे, पोरं हसायची. अशा मुलीने भाषाशिक्षक व्हावं का? वडील म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे.

उत्तर: तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू लाजत लिहिलं आहेस, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तेलुगूत ‘अम्मा वच्चिंदि’ (आई आली) आणि ‘बस वच्चिंदि’ (बस आली). एकवचनात बाई आणि वस्तू दोघींना क्रियापदाचं रूप एकच. मराठीत आली, आला, आलं अशी तीन घरं. सहा वर्षांच्या तू आपल्या भाषेचा नियम मराठीला लावलास आणि आईला ‘आलं’च्या घरात बसवलंस. त्यामागे व्याकरण होतं, फक्त ते मराठीचं नव्हतं. भाषातज्ज्ञ लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये अशा अवस्थेला ‘इंटरलँग्वेज’ म्हटलं. शिकणाऱ्याची ही मधली भाषा मातृभाषाही नसते आणि शिकायची भाषाही नसते, पण तिला स्वतःचे नियम असतात. त्याआधी 1967 मध्ये पिट कॉर्डर यांनी शिक्षकांना सांगितलं होतं की मूल आत्ता कुठवर आलंय ते त्याच्या चुकांतून दिसतं.

हे क्लासमध्ये असं वापर. तुझी मुलं ‘शी गोज’ऐवजी ‘शी गो टू स्कूल’ म्हणत असतील. पाचवीपासून नियम घोकवूनही तो ‘एस’ सातवीत गळतोच, आणि आपण मुलांना निष्काळजी ठरवतो. पण वेगवेगळ्या मातृभाषांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की ‘गोइंग’मधलं ‘आयएनजी’ लवकर बसतं आणि हा ‘एस’ बराच उशिरा, नियम पाठ असला तरी. मातृभाषेचा परिणाम होतोच. मराठीत आणि तेलुगूत ‘अ’, ‘द’सारखी आर्टिकल नाहीत, म्हणून तीही आपल्याकडे जास्त रेंगाळतात. तेव्हा त्या ‘एस’साठी छडी नको आणि पन्नास वेळा लिहिणंही नको. मुलांच्या कानावर आणि डोळ्यांसमोर तो वारंवार येऊ दे. मधूनच थांबून ‘इथे काय ऐकलंस?’ एवढंच विचार.

क्रॅशन आणि स्वेन यांच्यात तुला भांडण दिसतं, मला ते तुझ्याच दोन प्रश्नांची उत्तरं वाटतात. क्रॅशन म्हणतात, आपल्या पातळीच्या जरा वरची पण समजणारी भाषा भरपूर मिळाली की ती अंगात मुरते, आणि भीती असली की हे दार बंद होतं. तुझं मराठी असंच आलं. गल्लीत, दुकानात, खेळात. कोणी लिंगाचे तक्ते दिले नव्हते. मेरिल स्वेन यांनी मात्र कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणारी इंग्रजी घरांतली मुलं पाहिली. अनेक वर्षांनी त्यांना फ्रेंच उत्तम समजे, पण बोलण्या-लिहिण्यात चुका राहत. स्वेन यांचं म्हणणं, स्वतः बोलायला लागलं की आपल्याला काय येत नाही ते कळतं. समजतं पण बोलता येत नाही हे तुझं दुखणं नेमकं तेच आहे. तुला आता आणखी वाचनापेक्षा रोज अर्धा तास बोलायची गरज आहे. मैत्रिणीशी बोल, फोनवर रेकॉर्ड करून पुन्हा ऐक. सहा महिने नेटाने कर.

आपल्याकडचा एक प्रयोग मला फार जवळचा आहे. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर आणि दक्षिणेतल्या इतर काही ठिकाणच्या शाळांत व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना इंग्रजीतून सोडवायची कामं दिली. नकाशे, रेल्वेची वेळापत्रकं. लक्ष उत्तर शोधण्यावर, भाषा त्या ओघात. तू हुतात्मा आणि सिद्धेश्वर एक्सप्रेसचं वेळापत्रक घे आणि विचार, आजीला पुण्याच्या डॉक्टरांकडे दुपारच्या आत पोचायचंय, कोणती गाडी? कारण इंग्रजीतच सांगायचं. मोडकं चालेल. या कामाला खर्च काही नाही.

आता वडिलांचा प्रश्न. त्यांची काळजी रास्त आहे, तिला नावं ठेवू नकोस. शाळेत सहावीपासून पुढे शिकवायचं तर बी.एड. लागेल, त्यासाठी राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा आहे. आठवीपर्यंतच्या वर्गांना टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) हवी, आणि सरकारी भरती टेट (अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी) या वेगळ्या परीक्षेच्या गुणांवर, पवित्र या सरकारी ऑनलाइन पोर्टलमधून होते. भरती नियमित निघत नाही, हे त्यांना आधीच सांग. म्हणून माझा सल्ला आधी बी.एड., खाजगी शाळेत का होईना पगार सुरू, मग एम.ए. घरची ओढाताण पाहता हा क्रम बदलू नये असं मला वाटतं. बँकेची परीक्षा सोबत द्यायला हरकत नाही, पण त्यासाठी संध्याकाळचा क्लास बंद करू नकोस.

एम.ए. करताना इंग्रजी साहित्यच घ्यावं असं नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान आहे, हैदराबादच्या इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठात भाषाशिक्षणाचं खास शिक्षण मिळतं. पुढे कॉलेजात शिकवायचं तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. आणखी एक वाट फार जणांना दिसत नाही, ती म्हणजे मराठी दुसरी भाषा म्हणून शिकवणं. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाचं पुण्यात केंद्र आहे, तिथे परराज्यातल्या शिक्षकांना मराठी शिकवतात. सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू घरांतून मराठी शाळेत येणारी मुलं वर्गावर्गात आहेत. त्यांच्या ‘आई आलं’ला न हसणारी शिक्षिका त्यांना हवी आहे, आणि ते काम तुझ्याइतकं आतून कोणाला कळणार?

उद्यापासून एक वही कर. अकरा मुलं, प्रत्येकाला चार पानं. चूक जशीच्या तशी लिही, तारीख टाक, शेजारी तेलुगूत किंवा मराठीत ते कसं म्हणतात ते लिही. दुरुस्ती लिहू नकोस. दिवाळीपर्यंतची पानं मला पाठव, मग कोणत्या एम.ए.कडे जायचं ते त्यावरून बोलू.