मानेवरचा तो काळा पट्टा घासू नका, ताई

ताई, तुम्ही लिहिलंय, "महिनाअखेरीला आमच्याकडे दूध अर्ध्यावर येतं, हॉटेल माहीत नाही, मग नऊ वर्षांच्या पोराचं वजन ४४ किलो कसं?" आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की त्याची मान काळी पडलीय, कितीही घासली तरी निघत नाही. ते वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले.

आमच्याकडे हेच झालं. दीड वर्ष मी माझ्या मुलाची मान घासली. आधी बेसन-लिंबू लावून बघितलं, मग वज्रीने. मोरीत पाटावर बसून तो रडायचा आणि मी म्हणायचे, "हलू नकोस, मळ बसलाय." कातडी लाल व्हायची आणि दोन दिवसांनी पट्टा पुन्हा तसाच. पुढे तो उन्हाळ्यातसुद्धा कॉलरचं वरचं बटण लावून शाळेत जायला लागला. माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक हीच. आजही आठवलं की पोटात तुटतं.

त्याच काळात शाळेत आरोग्य तपासणी झाली. कुणी केली ते लिहीत नाही. कार्डावर उंची-वजनाचे आकडे अचूक लिहिलेले, आणि शेऱ्यात काय? "वैयक्तिक स्वच्छतेकडे लक्ष द्यावे." मी रजा टाकून विचारायला गेले. तिथल्या बाईंनी कार्ड परत दिलं नि म्हणाल्या, "कुपोषण नाही, रक्त कमी नाही, खात्यापित्या घरचा दिसतोय, काळजी कसली?" दोन्ही आकडे समोर असून, उंचीच्या मानाने वजन जास्त आहे का ते दाखवणाऱ्या तक्त्यावर कुणी ठिपका मांडला नाही. चाळीतलं पोर आहे म्हटल्यावर काळी मान म्हणजे मळच, हे आधीच ठरलेलं. मलाही ते पटलं, कारण लठ्ठपणा हा बंगल्यातल्या मुलांचा आजार, असंच मी धरून चालले होते.

पुढे तापासाठी एका बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी मानेवरून बोट फिरवलं आणि माझाही हात तिथे ठेवला. "मखमलीसारखं लागतंय ना? मळ असा लागत नाही." त्याला अ‍ॅकॅन्थोसिस नायग्रिकान्स म्हणतात. शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या रसाला, नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, आणि त्याने मानेच्या, काखेच्या घड्यांतली कातडी जाड नि काळी होते. मी डॉक्टर नाही आणि प्रत्येक काळी मान म्हणजे हेच, असंही नाही. पण वजन जास्त आणि मान अशी, दोन्ही असेल तर उपाशीपोटी साखर आणि डॉक्टर सांगतील त्या बाकीच्या तपासण्या करून घ्या.

आता तुमचा "कसं?". आपल्या देशात अजून सुखवस्तू घरांतच लठ्ठ मुलं जास्त आहेत, हे खरं. म्हणून तर आपल्या पोरांकडे कुणी त्या नजरेनं बघत नाही. पण पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ ला २.१ टक्के होतं, ते २०१९-२१ ला ३.४ झालं. इंग्लंडमध्ये तर चित्र पार उलटं आहे, तिथे गरीब वस्त्यांतल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांत लठ्ठपणा श्रीमंत वस्त्यांच्या दुपटीहून जास्त. आपण त्याच वाटेवर आहोत, असं माझं मत.

आमच्या घरात बघा ना. रेशनचा तांदूळ-गहू मिळतो, म्हणून ताटात भाताचा डोंगर आणि डाळ पातळ. दोघंही कामावर, म्हणून शाळा सुटल्यावर "बाहेर जायचं नाही" अशी ताकीद आणि दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही. भुकेला पाच रुपये ठेवलेले. दुकानाच्या दारात पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा, केळीवाला मात्र चौकाच्या पलीकडे. संध्याकाळी चहा-खारी. यात चैन कुठेय, सांगा?

अजून एक. माझा मुलगा जन्मला तेव्हा २.२ किलो होता. "बाळसं धरू दे" म्हणत सगळ्यांनी भरवला, मी ऐपत नसताना दूध-पावडरचे डबे आणले. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आसपासच्या गावांतली बाळं मोजली. सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोची. पण आपल्या हडकुळ्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र बरीचशी टिकलेली. अशा बाळाचं वजन पुढे भराभर वाढलं तर मधुमेहाचा धोका वाढतो. हे मला त्या डब्यांआधी कुणी सांगायला हवं होतं.

आम्ही काय केलं ते सांगते, तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा. वजन उतरवायचं नाही, आहे तिथं थोपवायचं आणि उंची वाढू द्यायची, असं आम्हाला सांगितलं होतं. चौघांना महिन्याला चार लिटर तेल लागायचं, ते दोनावर आणलं. पाच रुपये बंद केले, डब्यात मोड आलेली मटकी नाहीतर शेंगदाणे-फुटाणे. शेजारच्या आजींना सांगून रोज तासभर खाली खेळायला सोडलं. ओट्स, ऑलिव्ह ऑइल लिहिलेले महागडे तक्ते कुणी दिले तर बिनधास्त बाजूला ठेवा. आणि घरात त्याला "जाड्या" म्हणणाऱ्याला, मग ते सासरे का असेनात, तिथल्या तिथे थांबवा. पट्टा दीड वर्षात बराच फिकट झाला, पूर्ण गेलेला नाही.

केसपेपर काढायला जाल तेव्हा जन्माचं कार्ड आणि लसीकरणाचं पुस्तक सोबत न्या, जन्माचं वजन विचारतात. बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्या आकड्याचा, ठिपका भारतीय मुलांच्या तक्त्यावर तुमच्यासमोर मांडून घ्या. आणि आज संध्याकाळी आंघोळीच्या वेळी मानेला नुसतं साबण-पाणी लावा.