अल्टरनेटर उघडायचा की बदलायचा?

प्रश्न : माझ्या पेट्रोल गाडीचा बॅटरीचा दिवा इंजिन चालू असताना मंद पेटलेला राहतो. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी सेल्फ जेमतेम फिरतो. गॅरेजवाले म्हणतात, अल्टरनेटर गेला, नवाच टाका. नेमकं काय बिघडलंय हे घरी कळेल का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : कळेल. मंद दिवा आणि रात्रीतून उतरणारी बॅटरी, ही दोन लक्षणं एकत्र आली की पहिला संशय डायोडवर घ्यावा. अल्टरनेटर म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर. त्यात तयार होणारा एसी करंट डीसी करायला आत डायोडची (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांची) प्लेट असते. तिच्यातला एखादा डायोड शॉर्ट झाला की बॅटरीतला करंट रात्रभर उलटा वाहत राहतो. सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, अल्टरनेटरच्या पाठीवर हात ठेवून बघा. इंजिन गारठलेलं आणि अल्टरनेटर मात्र कोमट, असं असेल तर डायोड गेलाच म्हणून समजा.

मग मल्टीमीटर घ्या. उभ्या गाडीत बॅटरी १२.४ ते १२.७ व्होल्ट हवी. हेडलाइट आणि ब्लोअर लावून इंजिन २००० आरपीएमवर धरलं की १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग, आपल्याकडचा 'कटआउट') खराब आहे. १२ च्या आसपास रेंगाळले तर अल्टरनेटरला दोष देण्याआधी पट्टा, मेन फ्यूज आणि मागचा बी-प्लस (बॅटरीच्या पॉझिटिव्हकडे जाणाऱ्या जाड केबलचा) नट बघा. इंजिन चालू ठेवून मीटरची एक पिन बी-प्लसला आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर दोष केबलमध्ये आहे. अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात ०.२ च्या वर आले तर अर्थिंग साफ करा. एवढ्यावर भागलं तर उघडायची गरजच नाही.

शेवटी मीटर एसीवर लावून चालू इंजिनावर बॅटरीचं माप घ्या. ०.५ व्होल्टच्या वर एसी दिसला तर डायोड गेला आहे. स्वस्त मीटर इथे फसवतात : पिना एका बाजूने लावल्या की २८-३० आणि उलट केल्या की शून्य दाखवतात. असा मीटर या कामाला उपयोगी नाही.

प्रश्न : अल्टरनेटर काढून टेबलावर ठेवला आहे. उघडण्याचा क्रम काय, आणि कोणते भाग बदलायचे? – एक वाचक, लातूर

उत्तर : काढताना बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडवला होता ना? बी-प्लसवर करंट कायम असतो. पाना बॉडीला टेकला की मोठी ठिणगी पडते, म्हणून बसवतानाही निगेटिव्ह सगळ्यात शेवटी जोडा.

पुढचं कव्हर, स्टेटर (मधलं न फिरणारं वायंडिंग) आणि मागचं कव्हर यांच्यावरून एक सरळ रेघ मार्करने ओढा. ती नसली की जोडताना कव्हरचे बोल्ट बसवायचे कान फिरतात आणि अल्टरनेटर ब्रॅकेटवर बसत नाही. बऱ्याच गाड्यांत मागचं प्लास्टिक झाकण काढलं की ब्रश (फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे) आणि रेग्युलेटर बाहेरूनच निघतात. दिवसा चार्जिंग कधी होतं, कधी नाही, अशी तक्रार असेल तर बहुतेक काम इथेच संपतं. नवा ब्रश होल्डरच्या बाहेर साधारण १० मिमी असतो, ५ मिमीच्या खाली आला की बदला. वायरीला डाग देताना (सोल्डर करताना) कथील जाळीदार वायरीत वर चढू देऊ नका. वायर कडक झाली की ब्रश होल्डरमध्ये अडकतो, स्प्रिंग त्याला पुढे ढकलू शकत नाही, आणि नव्या ब्रशवरही तीच तक्रार परत येते.

स्लिप रिंग (ब्रश ज्यांच्यावर टेकतात त्या कड्या) काळ्या पडल्या असतील तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर लावून रोटर (आतला फिरणारा भाग) हाताने फिरवा. एका जागी घासू नका. रिंगवर नखाला लागेल इतकी खाच असेल तर लेथवर अगदी हलका हात मारून घ्यावा लागतो. आता एका रिंगपासून दुसऱ्या रिंगपर्यंत ओहम मोजा : बारा व्होल्टच्या गाडीत साधारण २ ते ४ ओहम येतात. एक ओहमच्या आसपास आलं तर आतली वायंडिंग शॉर्ट आहे. असा रोटर तसाच ठेवून फक्त रेग्युलेटर बदलला तर जादा करंटने नवाही जळतो. रिंग आणि शाफ्ट यांच्यात मात्र काहीच कंटिन्यूटी नको.

स्टेटरचं माप घेण्यात अर्थ नाही, त्याचा रोध साध्या मीटरला पकडता न येण्याइतका कमी असतो. त्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा. तिन्ही फेजची तार एकसारखी तपकिरी असेल तर ठीक. एकच फेज काळी पडून वॉर्निशचा जळका वास येत असेल तर स्टेटर गेला. रिवायंडिंग होतं, पण तारेचा गेज आणि वेढे तंतोतंत तेच हवेत. स्टेटर आणि रोटर दोन्ही गेले असतील तर दुरुस्तीचा हट्ट सोडावा.

डायोड तपासण्याआधी स्टेटरच्या वायरी प्लेटपासून सोडवा. त्या जोडलेल्या असताना एक शॉर्ट डायोड बाकीच्यांनाही शॉर्ट दाखवतो. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवला की चांगला डायोड एका बाजूने ०.४ ते ०.७ व्होल्ट दाखवतो, उलट काहीच नाही. डाग द्यायला २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री इथे चालत नाही, १०० वॅटची घ्या. तार आधी आकड्यासारखी वाकवून घट्ट दाबा, नाकपकडीने डायोडजवळ धरा म्हणजे उष्णता पकडीत जाईल, आणि चार-पाच सेकंदांत डाग द्या. साधं कथील १९० अंशांच्या आतच वितळतं, त्यामुळे नुसत्या डागावर तार टांगलेली ठेवू नका.

अल्टरनेटर पूर्ण उघडलाच आहे तर दोन्ही बेअरिंग बदला. सीलवर नंबर कोरलेला असतो (उदाहरणार्थ ६३०३ किंवा ६००३). दोन्हीकडे रबर सील असलेलं, सी३ क्लिअरन्सचं (आत थोडी जास्त मोकळीक असलेलं) घ्या. शाफ्टवर बसवताना आतल्या रिंगवर दाब द्या, कव्हरमध्ये बसवताना बाहेरच्या. उलट केलंत तर छर्रे ट्रॅकवर खड्डे पाडतात आणि थोड्याच दिवसांत घरघर सुरू होते.

जोडताना बी-प्लस बोल्टचा इन्सुलेशन बुश आणि वायसर विसरू नका. नाही तर बॅटरी लावताक्षणी थेट शॉर्ट. खात्री करायला मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा, लाल पिन बॉडीला, काळी बी-प्लसला : एक व्होल्टच्या आसपास दिसेल. पिना उलट केल्या की काहीच दिसू नये. ब्रश आत दाबून होल्डरच्या भोकातून पेपरक्लिपची तार घाला आणि कव्हर बसल्यावर ओढून काढा.

प्रश्न : चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून चार्जिंग तपासतात. ते बरोबर आहे का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : अजिबात नाही, कोणालाही करू देऊ नका. बॅटरी हा सगळ्या धक्क्यांचा शोषक आहे. ती अचानक सुटली की व्होल्टेज क्षणभर ६० च्याही पुढे उसळू शकतं, आणि त्यात इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) किंवा चांगले डायोड जातात.

प्रश्न : जुन्या डिझेल गाडीत ब्रश वर्षभरही टिकत नाहीत. आत तेल दिसतं. – एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप जोडलेला असणार. त्याला इंजिनचं ऑइल मिळतं, सील गळालं की ते ब्रशवर येतं, कार्बनची भुकटी त्यात मिसळून चिखल होतो आणि रिंगवरचा संपर्क तुटतो. ब्रश बदलत राहण्याऐवजी सील आणि ओ-रिंग बदला, ऑइलची परतीची नळी तुंबलेली नाही ना ते बघा. ब्रेकचा बूस्टरही (पेडलचा जोर वाढवणारा डबा) याच पंपाच्या व्हॅक्यूमवर चालतो, म्हणून काम झाल्यावर गाडी जागेवर उभी करून इंजिन बंद ठेवा, ब्रेक चार-पाच वेळा दाबून पेडल कडक करा, आणि ते दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर पंप चालतोय. गेलं नाही, तर गाडी रस्त्यावर काढू नका.